दुसऱ्या स्लॉटमधलं कार्ड

"साफ केलात म्हंजे काय केलात?"

सदानंद तांडेलांनी हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सोल्डरिंग गन खाली ठेवली. त्यांच्या हातात त्यांचा गेम होता. तळहाताएवढा, मधे छोटी स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. आदल्या संध्याकाळी मीच तो दुरुस्त करून त्यांच्या मुलीकडे दिला होता. काम झकास झालं होतं. खरं सांगायचं तर हा माणूस शाबासकी द्यायला आलाय अशीच माझी समजूत होती.

"म्हणजे फॉरमॅट केलं," मी म्हटलं. "एक कार्ड नवीन घातलं, दुसरं पुसून स्वच्छ केलं. आता अडकायचा नाही."

तांडेल खाली बसले. शेजारी स्टूल होतं, त्यावर नाही. फरशीवर, काउंटरला पाठ लावून. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान. साठीचा, उन्हाने रापलेला, वादळातून बोट घरी आणणारा हा माणूस माझ्या दुकानात फतकल मारून बसला आणि म्हणाला, "सगळा गेला."

मी पाणी आणायला धावले. काय गेलं ते मला कळलंच नव्हतं. 

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या थोडं पुढे माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. रेडिओपासून सुरुवात केली, मग टीव्ही, मग मोबाइल. अजूनही नवीन गिऱ्हाईक दारातून डोकावतं आणि मलाच विचारतं, "कोण आहे का?" मी आहे की, म्हटलं तर म्हणतं, "नाही, रिपेअर कोण करतं?" आताशा मी चिडत नाही. बिल वाढवते.

गेल्या काही वर्षांत हे हातातले गेम यायला लागले. आपल्या लहानपणी टीव्हीला डबा जोडून, कॅसेट खोचून जे गेम खेळायचे, ते यात हजारोंनी भरलेले असतात. घेणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये. बायकोसमोर "मुलांसाठी घेतलाय" म्हणतात. तांडेलांना मात्र तसली लाज नव्हती. तरुणपणी ते मुंबईला बोटीवर होते, तेव्हा गोदीजवळच्या पार्लरमध्ये विमानं पाडायचा गेम खेळायचे. त्यांची मुलगी प्राची इथे एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिने तेच विमान असलेला हा गेम ऑनलाइन मागवून दिला. ट्रॉलरवर एकदा जाळं पाण्यात सोडलं की दोन-तीन तास बोट संथ चालवायची असते. तेवढ्या वेळात बाबा विमानं पाडतात, असं तीच मला हसत हसत सांगत होती.

गेम घेऊन ती आली ती जुलैत. मासेमारी बंदीचे दिवस. बोटी ओढून वर घेतलेल्या, तांडेल दिवसभर बंदरावर जाळी विणायला.

"काकू, हा सारखा अडकतो. मधेच बंद पडतो. बाबा वैतागलेत. त्यांना कळायच्या आत करून द्याल? सरप्राइज आहे."

सरप्राइज या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती आहे.

या गेमला दोन कार्डं लागतात. मोबाइलमध्ये घालतो तसलीच, नखाएवढी. पहिल्या स्लॉटमधल्या कार्डावर त्याची सिस्टीम असते, म्हणजे चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम. त्याला फर्मवेअर म्हणतात. दुसऱ्या स्लॉटमधल्या कार्डावर नुसते गेम. कंपनी जे फर्मवेअर देते ते बहुतेक वेळा घाईत उरकलेलं असतं, आणि सोबत येणारी कार्डं तर इतकी हलकी की वर्षभर टिकली तरी नशीब. मग जगभरचे काही हौशी लोक स्वतः जास्त चांगलं फर्मवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. ते कस्टम फर्मवेअर. ते घातलं की तोच गेम सुतासारखा सरळ चालतो.

मी नवीन चांगलं कार्ड घेतलं. कॉम्प्युटरवरून त्यावर कस्टम फर्मवेअर लिहिलं. कार्ड घातलं, बटण दाबलं. स्क्रीन काळी. आवाज येतोय, चित्र नाही. हे मला ठाऊक होतं. बाहेरून एकसारखे दिसणारे हे गेम आतून सारखे नसतात. कंपनी मिळेल तो पॅनेल बसवते, म्हणजे स्क्रीनचा काचेखालचा भाग, आणि प्रत्येक पॅनेलला त्याची त्याची छोटी फाइल लागते. सहा फाइली घालून बघितल्या. सहाव्याला चित्र आलं. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

मग दुसरं कार्ड. त्यात नऊ हजार गेम. म्हणजे म्हणायला नऊ हजार. एकच गेम नाव बदलून वीस-वीस वेळा भरलेला. नव्या फर्मवेअरला फोल्डरची नावंही वेगळी लागतात. म्हणून सगळे गेम कॉम्प्युटरवर घेतले, तांडेल कुठल्या लेव्हलपर्यंत पोचलेत त्या सेव्ह फाइली आठवणीने वेगळ्या ठेवल्या, कार्ड फॉरमॅट केलं, आणि डबल-टिबल काढून उरलेले दोन हजार परत भरले. विमानाचा गेम पहिल्या पानावर आणून ठेवला. इतकं निगुतीने कोण करतं हो?

आता फरशीवर बसलेल्या तांडेलांकडे परत येते.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "माझे पॉइंट होते त्याच्यात."

"कसले पॉइंट? गेममधले? ते आहेत की! मी सेव्ह फाइली..."

"गेमचे नाय ओ ताई! दर्यातले!"

बोटीवर जीपीएसचं मशीन असतं. बोट समुद्रात कुठे आहे ते त्याच्या स्क्रीनवर दिसतं. मासा चांगला लागला की तांडेल बटण दाबतो आणि त्या जागेची खूण मशीनमध्ये राहते. खाली खडकात जाळं अडकून फाटलं तर तिथेही खूण करतो, पुढच्या वेळी टाळायला. या खुणांना बंदरावर पॉइंट म्हणतात. समुद्र वरून सगळीकडे सारखाच. खाली कुठे चिखल, कुठे खडक, कुठे बुडालेलं लोखंड. ट्रॉलरचं जाळं तळाला घासत जातं. एक खडक चुकवायचा राहिला की जाळ्याच्या चिंध्या. म्हणून ज्याच्याकडे पॉइंट तो तांडेल. बाकी नुसते सुकाणू धरणारे.

सदानंद तांडेलांचे वीस वर्षांचे पॉइंट एका मशीनमध्ये होते. सीझन संपता संपता मशीनमध्ये खारं पाणी गेलं. बोटीच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, ते एक्स्चेंजमध्ये देऊन नवीन घ्यायचं ठरवलं. जुनं द्यायच्या आधी पॉइंट कार्डावर काढून घ्यायला हवे होते. बंदरावर कार्ड विकत मिळतं. पण तांडेल कार्ड घेताना दिसला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या जेटीला कळतं की हा पॉइंट काढतोय. मग तांडेलांनी काय केलं? खिशातला गेम काढला, त्यातलं दुसरं कार्ड उपसलं, मशीनमध्ये घालून पॉइंट त्यावर घेतले, आणि कार्ड परत गेममध्ये.

"खेळन्यात कोण बघायला जातंय?" ते म्हणाले. "माझ्या बायलापन नाय सांगितला."

बाय म्हणजे प्राची. तिला सांगितलं असतं तर ती माझ्याकडे आलीच नसती. जुनं मशीन गेलं होतं, कंपनीच्या माणसाने समोरच पुसूनही टाकलं होतं. जगात एकच प्रत होती, आणि मी ती साफ केली होती.

"डोक्यात नाहीत का हो?" मी विचारलं.

"डोक्यात हायत. पन डोक्यातला खडक शंभर हात हिकडंतिकडं झाला तर जाळा गेला."

त्या क्षणी मला आठवलं. कार्ड उघडलं तेव्हा गेमच्या फोल्डरांच्या खाली एकटीच एक फाइल होती. नाव म्हणजे नुसते आकडे. एवढीशी. मी ती बघितली होती. उघडायचा प्रयत्न केला, उघडली नाही. कंपनीने टाकलेला कचरा असणार, असं मनात म्हटलं आणि तिथेच सोडली. बावीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलेय, आधी कॉपी, मग फॉरमॅट. आणि मी नऊ हजार विमानं, गाड्या, माकडं कॉपी केली होती. ती एक सोडून.  मी तांडेलांच्या समोरच फरशीवर बसले.

"गेम चालू केलात का कालपासून?"

"नाय. बाय बोलली कार्ड साफ करून दिलाय, तसा धावत आलो."

"मग अजिबात करू नका. द्या इकडे."

फॉरमॅट केल्याने फाइल लगेच नाहीशी होत नाही. फडताळातल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात, तसं ते असतं. बरणीतला माल आहे तिथेच असतो, फक्त कशात काय ते कळत नाही. पण त्याच बरणीत दुसरं काही भरलं की मात्र संपलं. आणि मी तर दोन हजार गेम परत भरले होते.

कार्ड काढून मी त्याची इमेज घेतली. इमेज म्हणजे पूर्ण कार्डाची तंतोतंत नक्कल, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट. हे मी आधी करायला हवं होतं. मग पुसलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर चालवलं. त्याला फोटो ओळखता येतात, गाणी ओळखता येतात. जीपीएस मशीनची फाइल कशाशी खातात ते त्याला माहीत नव्हतं. ढिगाने गेम सापडले. पॉइंट नाहीत.

अशा वेळी एक उपाय असतो. प्रत्येक मशीनच्या फाइलची सुरुवात ठरावीक अक्षरांनी होते. त्याच कंपनीच्या मशीनवरची दुसरी एखादी फाइल मिळाली तर तिची सुरुवात बघायची आणि तीच अक्षरं इमेजमध्ये शोधायची. मला फक्त एक नमुना हवा होता.

माझ्याकडे येणाऱ्या दोन तांडेलांना मी फोन केला. म्हटलं, तुमचे पॉइंट नकोत हो मला, फक्त एक रिकामी फाइल कार्डावर काढून द्या. पहिला म्हणाला, "ताई, रेंज नाय," आणि फोन ठेवला. दुसऱ्याने ऐकता ऐकताच फोन कापला. दुपारी आला आणि रिपेअरला दिलेला मोबाइल परत घेऊन गेला. मोबाइल उघडलेला होता, स्क्रू वेगळे होते. तसाच, पुडीत बांधून नेला!  सदानंद तांडेलांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"बरोबर हाय त्याचा," ते म्हणाले. "मीपन नेला असता."

राहता राहिलं नवीन मशीन. त्याच कंपनीचं. पण ते बोट पाण्यात जाईपर्यंत शेठच्या घरी खोक्यात होतं. वायर तपासायची आहे अशी थाप मारून तांडेलांनी ते मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीच्या स्कूटरवरून, रेनकोटात गुंडाळून दुकानात आणलं. प्राचीचे डोळे सुजलेले होते. रात्रभर तिला कुणी काही बोललं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं होतं.

"काकू, मी फक्त अडकतो म्हणून आणला होता हो," ती म्हणाली.

"तू कार्ड आणलंस. पुसलं मी," मी म्हटलं. "रडायचं असेल तर मी आधी."

मशीनला बारा व्होल्टचा सप्लाय जोडला. कोरं कार्ड घातलं, स्क्रीनवर कुठेतरी एक खोटा पॉइंट टाकला आणि सेव्ह केला. फाइल मिळाली. नाव तसंच, नुसते आकडे. तिची सुरुवातीची अक्षरं उतरून घेतली आणि इमेजमध्ये शोध लावला.

पाव भाग झाला. काही नाही. अर्धा झाला. काही नाही. तांडेल स्टूलवर बसून होते, पाय मात्र सारखा हलत होता. पाऊण भागाच्या थोडं पुढे एके ठिकाणी शोध थांबला. एकदाच. मी अक्षरं तीन वेळा जुळवून बघितली.

वाचली होती. का वाचली, तर तांडेलांनी पॉइंट शेवटी घेतले होते, नऊ हजार गेमच्या मागे, कार्डाच्या बऱ्याच पुढच्या जागेत. आणि मी डबल-टिबल काढून टाकल्यामुळे परत भरलेले दोन हजार गेम तिथपर्यंत पोचलेच नव्हते. माझं शहाणपण यात काडीचं नव्हतं.

तो तुकडा कापून त्या कोऱ्या कार्डावर टाकला, कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीन म्हणालं, कार्डावर डेटा नाही. तांडेलांनी डोळे मिटले. मी फाइलचं नाव बदललं, नमुन्यासारखं केलं, परत घातलं. दोन सेकंद काही झालं नाही. मग स्क्रीनवर एक ठिपका आला, दुसरा आला, आणि किनाऱ्यापासून बाहेरपर्यंत सगळी स्क्रीन ठिपक्यांनी भरून गेली.

"आले!" मी ओरडले. खरंच ओरडले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

तांडेलांनी पहिली गोष्ट काय केली असेल? मशीन उचललं आणि स्क्रीन भिंतीकडे वळवली. माझ्यापासून लपवली! जी फाइल मी दोन दिवस कार्डाच्या पोटातून खणून काढली, ती मला दिसू नये म्हणून. मग भिंतीशी तोंड करून एकेक पॉइंट बघत राहिले. मधे मधे पुटपुटत होते. एकदा हसले. सुमारे अर्ध्या तासाने मागे वळले.

"सगळे हायत," ते म्हणाले. "तुमच्या कॉम्पुटरात हायत काय?"

"आहेत. इमेज आहे ना."

"पुसा."

धन्यवाद नाही, काही नाही. मी दात-ओठ खात पॉइंट गेमच्या कार्डावर परत टाकले, कारण त्यांना ते त्याच कार्डात हवे होते, आणि मग कॉम्प्युटरवरची इमेज पुसली. त्यावर रिकामे आकडेही लिहिले, म्हणजे मी स्वतःसुद्धा परत आणू शकणार नाही. ते मागे उभं राहून बघत होते. मशीन पॉइंट कार्डावरूनच दाखवत होतं, कार्ड काढताच स्क्रीन कोरी झाली; त्या कार्डाचे त्यांनी माझ्या पकडीने दोन तुकडे केले.

"आता एक मेहेरबानी करा ताई. कोन विचारला तर सांगा, नाय आले. गेले."

मला ऐकू नीट आलं, पण पटेना. "गेले म्हणून सांगू? अहो, परत आणलेत मी! असं काम आख्ख्या जिल्ह्यात कोणी..."

"म्हायत हाय."

मग त्यांनी सांगितलं. शेठने दाभोळच्या एका तरुण तांडेलाशी बोलणी केली होती. यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. एकदा का हे पॉइंट नव्या मशीनमध्ये गेले की बोट कोणीही चालवेल. मशीन शेठचं. मग साठीच्या माणसाला ठेवून घ्यायचं कशाला? पण पॉइंट गेलेच असतील, तर जे काही उरलं ते सदानंद तांडेलांच्या डोक्यात. मग शेठला त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

"कार्ड माझ्याजवळ ठेवतो. बाहेर दर्यात गेल्यावर घालीन, बंदरात यायच्या आधी काढीन. डोक्यातून टाकतोय म्हनून सांगेन."

प्राची पुढे आली. ती म्हणाली, "बाबा, काकूंचं नाव खराब होईल बंदरावर."

तांडेलांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हां," ते म्हणाले. "होईल."

मी काही म्हणणार, एवढ्यात दारात गाडी थांबली. शेठ. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. वायर तपासायला मशीन घरातून नेलं हे त्यांना खटकलं असणार, आणि माझ्या फोनांमुळे दुकानाचा पत्ताही लागला असणार. मी बघितलं तर तांडेल गेम हातात घेऊन स्टूलवर बसले होते आणि विमान सुरू झालं होतं.

"माझं मशीन इथं काय करतंय?" शेठनी विचारलं.

"पॉइंटचा कार्ड खराब झाला शेठ," तांडेल मान खाली घालून म्हणाले. "ताईंनी साफ केला. चुकून."

शेठ माझ्याकडे वळले. "साफ केला म्हणजे?"

हा प्रश्न दोन दिवसांत दुसऱ्या माणसाने विचारला होता.

"फॉरमॅट केलं," मी म्हटलं.

"परत आणता येतात ना हल्ली?"

"प्रयत्न केला. नाही आले."

"एकही?"

"एकही नाही."

"कॉम्प्युटरात कॉपी असेल. तुम्ही लोक ठेवता."

"नाही. ठेवायला हवी होती."

शेठ लालबुंद झाले. "वीस वर्षं माझ्या बोटीने, माझ्या डिझेलवर फिरून टाकलेले पॉइंट आहेत ते. माझे पॉइंट पुसलेत तुम्ही! काय शिकून बसलात इथे? आणि हा बघा, हा गेम खेळतोय!"

तांडेलांचा अंगठा थांबला नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड होतं, कार्डावर सगळे पॉइंट होते, आणि शेठच्या पोटाच्या उंचीवर विमानं धडाधड पडत होती.  प्राची काउंटरवरचे स्क्रू मोजत होती.

"माफ करा," मी म्हटलं. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या मालकाची माफी मी पहिल्यांदाच मागितली.

शेठ तांडेलांकडे वळले. "मग आता?"

"थोडे डोक्यात हायत. एकेक करून परत टाकतो. येक सीझन लागेल."

"एक सीझन," शेठ म्हणाले, आणि मशीन उचलून निघून गेले.

त्या एका सीझनचे तीन झाले. दाभोळचा तांडेल आला नाही. शेठचं म्हणणं अगदीच चूक होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. डिझेल त्यांचं होतं हे खरंच. पण जाळं फाटलं तेव्हा दर्यात हात घालून सोडवणारे ते नव्हते, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते.

माझं नाव मात्र प्राची म्हणाली तसंच झालं. बंदरावरची गिऱ्हाइकं पंधरवड्यात आटली. नारळी पौर्णिमेनंतर मी मिरकरवाडा बंदरावर मासळी घ्यायला गेले होते. जेटीवर दहा-बारा जणांचा घोळका आणि मधोमध सदानंद तांडेल. "त्या दुकानवालीन् माझी वीस वर्सा पुसलान्," ते सांगत होते. "येका बटनान्. आता सगळा डोक्यातून काढतोय." त्यांनी मला बघितलं. मला वाटलं, निदान आवाज तरी खाली येईल. तो वर गेला! "कुनी कार्ड देव नुको तिच्याकडं!" घोळका वळून माझ्याकडे बघायला लागला.  मी बांगडे घेतले, मान खाली घातली आणि निघाले. कोळणीने वरती चार जास्त घातले. तिला माझी कीव आली असावी.

आता हे लिहायला हरकत नाही. शेठनी बोट विकली, तांडेल गेल्या वर्षापासून घरी आहेत. लिहू का, असं विचारायला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर विमानं पाडत बसले होते.

"लिवा," ते म्हणाले. "शेठचा नाव नुको."

निघता निघता मी विचारलं, "आणि पॉइंट? ते आता कोणाकडे आहेत?"

त्यांनी गेमवरून नजर वर केली. चेहरा अगदी सरळ.

"ते तुमी पुसलात ना?"

तेव्हा नवीन शिकणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. कार्ड कोणाचंही असो, हात लावायच्या आधी पूर्ण इमेज घ्या. आणि काम फत्ते झाल्यावर ते कोणाला सांगायचं, हे गिऱ्हाइकाला विचारून मगच टाळी वाजवा.